रक्तांतील साक्ष

बेंबळीसारख्या गांवीं कोणाच्या गळ्यापुढें सूज दिसली, कीं लोक तिला गलगंड म्हणतात आणि दोष पाण्याला देतात. आयोडिनाची उणीव हें एक कारण खरें. परंतु दुसरें कारण शरीरांतच दडलेलें असतें. रोगजंतूंशीं झुंजणारी शक्ति कधीं कधीं आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते. १९१२ सालीं जपानी शस्त्रवैद्य हाकारू हाशिमोतो यांनीं चार स्त्रियांच्या अशा ग्रंथींचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या पांढऱ्या पेशींनीं भरून गेल्या होत्या. मर्म उमगलें तें १९५६ सालीं. लंडन येथें रॉइट, डोनियाक आणि त्यांचे सहकारी यांना अशा रोग्यांच्या रक्तांत स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध तयार झालेलीं प्रतिद्रव्यें आढळलीं.

आज ही तपासणी करावयाची, तर हातांतून थोडें रक्त घेतात. प्रयोगशाळेंत त्यांतील पाण्यासारखा अंश ग्रंथींतील प्रथिनाशीं मिसळतात. प्रतिद्रव्य असल्यास तें त्यास चिकटतें आणि त्याचें मोजमाप होतें.

परंतु ही साक्ष कारणाची आहे, तीव्रतेची नव्हे. १०० निरोगी माणसांत १० जणांच्या आसपास तीं द्रव्यें सांपडतात. औषधाची मात्रा ठरते ती टीएसएच या दुसऱ्या तपासणीवरून. म्हणून प्रतिद्रव्यें एकदां सांपडल्यावर तीच तपासणी पुनःपुन्हा केल्यानें पैसा जातो, उपचार बदलत नाहीं. गर्भवतीची गोष्ट निराळी. तिच्या रक्तांत तीं असतील, तर टीएसएच वरचेवर पाहावें लागतें. कारण पोटांतील बाळाची वाढ प्रारंभीं आईच्याच ग्रंथिरसावर चालते. घरच्यांनीं खर्च करावयाचा तो येथें करावा.