पहिल्या पिढीचा दाखला

(व्याख्यानाचे शब्दांकन)



कर्जत आणि खालापूर हे तालुके मुंबई व पुणे या दोन विद्यानगरींच्या मधोमध वसलेले आहेत. येथून लोहमार्ग जातो, द्रुतगती महामार्ग जातो. कर्जत व खोपोली येथे महाविद्यालये आहेत. तरीही डोंगरउतारावरच्या ठाकूरवाडीत किंवा कातकरवाडीत आजही असे घर भेटते, जेथे महाविद्यालयाची पायरी चढणारे कोणी आजवर झालेच नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळले की महामार्गाच्या इतक्या जवळ केवळ पायवाटेने पोहोचता येणारी वस्ती आहे. अशा वाडीतून एखादा मुलगा वा मुलगी पदवीच्या वर्गात येऊन बसते, तेव्हा तिच्यासाठी समाजाने नेमके काय करावे, हा आजचा विषय आहे.

पहिल्या पिढीचा विद्यार्थी आणि गरीब विद्यार्थी यांत भेद केला पाहिजे. गरीब भिक्षुकाच्या वा कारकुनाच्या घरी पैसा नसेल, पण प्रवेशाची मुदत चुकवू नये, नापास झालेला विषय पुन्हा देता येतो, प्राध्यापकांना शंका विचारावी, हे सांगणारे माणूस घरात असते. पहिल्या पिढीच्या घरात माया असते, कष्ट असतात. ही माहिती मात्र नसते. उपनगरी गाडीने ये-जा करणाऱ्या मुलीला पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा पास विनामूल्य मिळू शकतो, ही साधी गोष्टसुद्धा कोणी सांगितली तरच कळते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जनजातींच्या विद्यार्थ्यांसाठी शासकीय वसतिगृहे आहेत, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचा खर्च देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. पण या प्रत्येक दाराशी कागद मागितला जातो, आणि तेथेच खरी मेख आहे.

अभियांत्रिकी वा वैद्यकीय शाखेतील राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला, महसुली नोंद, ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा अशी कागदपत्रे जोडावी लागतात. आता विचार करा. ज्याचा बाप शाळेत गेलाच नाही, त्याने बापाचा दाखला कोठून आणावा? ज्याच्या आजोबाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्याने सातबारा कोठून दाखवावा? पहिल्या पिढीकडून जो पुरावा मागितला जातो, तो बहुधा दुसऱ्या पिढीपाशीच असू शकतो. खोटे दाखले काढून खऱ्यांच्या जागा बळकावल्या गेल्या, म्हणून पडताळणी कडक झाली, आणि तिची गरज कोणी नाकारणार नाही. पण तिचा भार आज खऱ्याच माणसावर अधिक पडतो. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेणला, तपासणी समिती ठाण्याला. एकेका फेरीला एकेका दिवसाची मजुरी बुडते.

दुसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा अकरावीला विज्ञान शाखा घेतो आणि एका रात्रीत सारे विषय इंग्रजीत होतात. त्याची बुद्धी तीच असते. पण तो वर्गात गप्प बसू लागतो, आणि त्या मौनाला मंदपणा समजले जाते.

तिसरी अडचण ऋतुचक्राची. खैराच्या झाडापासून काथ काढणारा तो कातकरी. तो व्यवसाय गेला, जंगल गेले, आणि हा समाज वीटभट्टीवर व कोळसाभट्टीवर राबू लागला. पाऊस सरला की कुटुंबे घर बंद करून भट्टीवर जातात, ती पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. महाविद्यालयाचे दुसरे सत्र नेमके याच काळात चालते. मागे राहिलेल्या विद्यार्थ्याने कोठे राहावे, काय खावे? अनेकांचे शिक्षण परीक्षेत नापास होऊन थांबत नाही. ते दिवाळीच्या सुट्टीत थांबते.

या प्रश्नाला महाराष्ट्राने पूर्वी उत्तरे शोधली आहेत. वार लावून जेवणे आणि माधुकरी यांवर अनेकांची विद्या पोसली गेली. त्यात औदार्य होते, पण ते बहुतांशी आपापल्या जातीपुरते होते, हे मान्य केले पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी करून तो परीघ वाढवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यास काढलेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेने विद्यार्थ्याला उपकाराच्या अन्नातून सोडवले. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापून ग्रामीण विद्यार्थ्यांना निवारा दिला.

आणि या तालुक्यांना दूरचा आदर्श शोधण्याचे कारण नाही. १९१२ मध्ये माथेरानला एका नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठलराव तथा भाई कोतवाल वकील झाले. शिक्षणाने मिळालेली संधी त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. कर्जतच्या खेड्यांत त्यांनी शेतकरी व आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या, धान्यपेढ्या उभारल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह त्यांनी हौतात्म्य पत्करले. त्या हौतात्म्याला आपण दरवर्षी वंदन करतो. त्यांच्या शाळांची आठवण मात्र क्वचितच काढतो.

मग कार्यकर्त्याने आणि सुशिक्षित कुटुंबाने काय करावे? देणगीपावती फाडून हे काम संपत नाही. मुलगी नववीत असतानाच तिची कागदपत्रे जमवायला बसावे. आजोबांची जुनी नोंद तहसील कचेरीत शोधावी. पेणला वा ठाण्याला जाताना वडिलांसोबत जावे. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी वेळेत भरला जातो ना, बँकेचे खाते आधारशी जोडले आहे ना, हे पाहावे. शिष्यवृत्तीची रक्कम हाती येईपर्यंत पुस्तकांची आणि डब्याची सोय करावी. आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी पाठ्यपुस्तक मराठीतून समजावून द्यावे. आणि भट्टीचा हंगाम सुरू झाला की आपल्या घराची एक खोली अभ्यासासाठी उघडी ठेवावी.

हे करताना एक पथ्य पाळावे. त्या मुलाला आभाराचे भाषण करायला व्यासपीठावर उभे करू नये. तो कोणाचे उपकार घेत नाही; जे ज्ञान आपल्या घरात पिढ्यानपिढ्या साठून राहिले, त्यातला त्याचा वाटा त्याला पोचता होत आहे, एवढेच.

एक मुलगी पदवीधर झाली की तिच्या धाकट्या भावाला अर्ज कसा भरावा हे विचारायला परक्या दारी जावे लागत नाही. पुढे तिच्या लेकराला कोणी आई-बापाच्या शिक्षणाचा दाखला मागितला, तर तो घरच्या पेटीत असेल. तो दाखला त्या पेटीत पोहोचेपर्यंत सोबत करणे, एवढे काम आपल्याकडे आहे. येत्या जूनपासून एकेका कुटुंबाने एकेका विद्यार्थ्याची सोबत स्वीकारावी.