भरती आणि वाढ



‘अमक्या कारखान्यात भरती चालू आहे’ असे कानावर आले, की तो कारखाना वाढतो आहे असे आपण धरून चालतो. या समजुतीचीच आम्ही आज थोडी चिकित्सा करणार आहो.

डेट्रॉइटजवळ हायलँड पार्क येथे फोर्ड यांचा मोटारींचा कारखाना होता. १९१३ साली तेथे सुमारे १४,००० कामगार होते. पण तेवढी संख्या टिकवण्यासाठी वर्षात ५२,००० हून अधिक माणसे घ्यावी लागली! दिवसभर एकच एक हालचाल करून माणसे कंटाळत आणि निघून जात. भरती अफाट होती. पण ती वाढीची नव्हे, गळतीची भरपाई होती. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी पाच डॉलर रोज आणि आठ तासांचा दिवस जाहीर केला. (हा रोज सरसकट नव्हता. कामगारांच्या घरी जाऊन त्यांची राहणी तपासणारे लोक फोर्ड यांनी नेमले होते, हे आम्हांस मुळीच रुचत नाही.) गळतीचे प्रमाण शेकडा ३७० होते, ते १९१५ साली शेकडा १६ वर आले. भरती आटली, कारखाना मात्र वाढतच राहिला.

घेतलेल्यांतून गेलेले वजा केले की उरते ती वाढ. २००० सालच्या डिसेंबरपासून अमेरिकेचे मजूर खाते ही आवक-जावक दरमहा मोजते. २०१९ साली सुमारे सात कोटी वेळा माणसे कामावर घेतली गेली. नक्त भर पडली ती जेमतेम वीस लाखांची.

डेव्हिस, फॅबरमन आणि हॉल्टिवांगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली एकेका आस्थापनेचे हिशेब तपासले. ज्यांची कामगारसंख्या वाढत होती, त्यांची वाढ बहुतेक नव्या भरतीतून आली होती. पण तेथूनही काही माणसे जातच होती. संख्या थोडी घटत असेल तेथे मालक राजीनामा दिलेल्यांच्या जागा भरीत नाहीत, तेवढ्यावर भागते. घट मोठी असली म्हणजे मात्र कामावरून काढणे सुरू होते. ‘गेला’ या एका शब्दात स्वखुशीने गेलेला आणि घालवलेला, दोघेही मोडतात. त्यांच्या घरच्या चुलींना मात्र हा फरक चांगला कळतो.

मंदीत तर उलटीच तऱ्हा. २००९ साली अमेरिकेत कपातीचा जोर होता, आणि राजीनामे मात्र झपाट्याने कमी झाले होते. दुसरीकडे काम मिळण्याची आशा नसली, की न आवडणारी नोकरीही माणूस घट्ट धरून बसतो.