चेंडू थांबतो, तो का?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



'गती आणि बल' या विषयावर बोलण्यास मला सांगण्यात आले तेव्हा मी जरा बिचकलोच. मी बी.ए., बी.एड., आणि माझा विषय इतिहास. विज्ञानाचे शिक्षक सोडून गेले आणि सातवीचा तास माझ्याकडे आला, तेव्हा लहानपणी पाठ केलेल्या व्याख्या एवढेच भांडवल माझ्याजवळ होते. त्याच व्याख्या मी मुलांकडून पाठ करून घेतल्या. मुलांना मार्क मिळाले, मीही निश्चिंत झालो.

पुढे पावसाळ्यात त्याच वर्गातला एक मुलगा हाताला प्लास्टर घालून आला. लोकल अंबरनाथला थांबण्याआधीच तो फलाटावर उतरला होता आणि तोंडावर आपटला होता. मी विचारले, "का रे पडलास?" तो म्हणाला, "सर, पाय घसरला." घरी येऊन मी सहज त्याचा चाचणीचा पेपर काढून पाहिला. 'जडत्व म्हणजे काय?' या प्रश्नाचे उत्तर अक्षर न् अक्षर बरोबर होते आणि त्याला पूर्ण गुण मीच दिले होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्याचा पाय घसरला नव्हता. गाडीत उभा असताना त्याचे सारे शरीर गाडीच्याच वेगाने पुढे चालले होते. फलाटाने त्याचे पाय अडवले, पण कमरेच्या वरच्या भागाला अडवणारे कोणी नव्हते, म्हणून तो भाग पुढेच गेला. जडत्व म्हणतात ते यालाच. आता हिशेब करा. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटर धरला तर सेकंदाला सव्वाआठ मीटरच्या वर होतात. आपला शाळेतला चपळ मुलगा १०० मीटर १५ सेकंदांत धावतो, म्हणजे ताशी २४ किलोमीटर, तेही मैदानावर आणि पायांत जोर आल्यानंतर. मग उतरताक्षणी तो ३० चा वेग पायांनी कसा सांभाळणार? या वेगाने जो खांबावर आदळेल, त्याला साडेतीन मीटर उंचीवरून खाली पडल्याइतका मार बसेल. पालकहो, 'गाडी थांबल्याशिवाय उतरू नकोस' असे आपण रोज सांगतो. त्यासोबत एकदा हा आकडाही सांगून पाहा. माझा अनुभव असा की मुले आकड्याला अधिक घाबरतात.

त्यानंतर मी पुस्तक मिटले आणि वर्गात कॅरम आणला. (मुख्याध्यापकांना हे आधी सांगितले नव्हते, ते आज कबूल करतो.) बोर्ड आधी कोरडा पुसून घेतला. एका मुलाने सोंगटीला बोटाने टिचकी मारली, ती वीतभर जाऊन थांबली. मग पावडर टाकली आणि त्याच मुलाला तितक्याच जोराची टिचकी मारायला लावली. सोंगटी समोरच्या कडेवर आपटून परत आली. मी विचारले, "पहिल्या वेळी ती का थांबली?" सारा वर्ग ओरडला, "सर, तिच्यातले बल संपले!" मग दुसऱ्या वेळी ते का संपले नाही? पावडरीने काही सोंगटीत बल भरले नाही. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती हळूच म्हणाली, "पावडरीने रोखणं कमी केलं."

इतकी चांगली व्याख्या मला पुस्तकात सापडलेली नाही. सोंगटी थांबते ती बल संपल्यामुळे नव्हे, तर बल लागल्यामुळे, आणि ते बल असते बोर्डाच्या घर्षणाचे. उर्दू माध्यमाच्या पुस्तकात त्याला सरळ 'रगड' म्हणतात आणि हा शब्द मुलांना घरातूनच ठाऊक असतो. बल लागते ते गती बदलण्यासाठी. चालू असलेली गती चालू ठेवण्यासाठी नव्हे.

ही गोष्ट मुलांना लवकर पटत नाही म्हणून त्यांच्यावर रागावू नका. अ‍ॅरिस्टॉटलसारखा विद्वानही मानत असे की ढकलणारा असेल तोवरच वस्तू चालते. इब्न सीना (९८०-१०३७) हे नाव आपल्या घरांत हकीम म्हणून घेतले जाते. पण फेकलेली वस्तू हवेसारख्या अडथळ्यामुळे मंदावते, पोकळीत ती आपण होऊन थांबणार नाही, असा विचार त्यांनी मांडला होता. पुढे गॅलिलिओने उतारावर गोळे सोडून पाहिले आणि १६८७ साली न्यूटनच्या ग्रंथात गतीचे नियम आले. शेकडो वर्षांचे हे काम आपण मुलांकडून दोन तासिकांत मागतो.

घर्षण म्हणजे शत्रू, असेही समजू नका. बुवापाड्याच्या माणसाला ते तरी सांगायला नको. शेजारच्या विम्को नाक्याचे नाव ज्या कंपनीवरून पडले, ती वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी आगपेट्या करीत असे, आणि आगपेटीचा सारा धंदाच घर्षणावर. पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस, काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट. काडी हलकेच टेकवा, काही होत नाही. झटक्याने ओढा, घर्षणाने उष्णता होते आणि काडी पेटते. चालतानाही पाय जमिनीला मागे रेटतो आणि जमीन आपल्याला पुढे रेटते, ते घर्षण आहे म्हणूनच. ओल्या फलाटावर हे रेटणे कमी पडते.

आता थोडे आपणा मोठ्यांविषयी. घाईत रूळ ओलांडताना आपण म्हणतो, गाडी लांब आहे, मोटरमन बघेल. ताशी ७२ किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २० मीटर कापते. ब्रेक लागल्यावर दर सेकंदाला तिचा वेग १ मीटरने कमी होतो असे धरले, तर थांबायला २० सेकंद आणि २०० मीटर लागतील. मोटरमनने पाहिले तरी गाडीचे जडत्व त्याचे ऐकत नाही. हे गणित मी आठवीला घातले होते. दुसऱ्या दिवशी एका मुलाने सांगितले, "सर, अब्बांना दाखवलं. ते आज पुलावरून गेले." उद्याचे मला ठाऊक नाही.

चहापानानंतर सातवीच्या वर्गात कॅरम आणि पावडरीचा डबा ठेवलेला आहे. आधी पावडर न टाकता टिचकी मारावी. आणि आणखी एक करून पाहावे: एक सोंगटी दुसऱ्या सोंगटीवर नेमकी समोरून मारली तर पहिली जवळजवळ जागीच थांबते, दुसरी निघून जाते, पण त्याच सोंगटीवर जड स्ट्रायकर मारला तर तो थांबत नाही, तिच्यामागून पुढे जातो. असे का, हे मुलांना विचारा. मी मुद्दामच त्यांना अजून सांगितलेले नाही.