मोटारीची एरियल आणि तळघराचें छत



आजचा विषय दिसावयास लहान आहे. मोटारीच्या छपरावर बिनतारी यंत्राची एरियल, म्हणजे हल्लीं जिला अँटेना म्हणतात ती, बसवावयाची आहे. परंतु मोटार रोज उभी राहते इमारतीच्या तळघरांत, आणि तेथील छत ठेंगणें आहे. अशा वेळीं कोणती एरियल निवडावी, हा प्रश्न.

गाणीं व बातम्या ऐकण्याच्या यंत्राविषयीं मला येथें बोलावयाचें नाहीं. त्याची आंखूड एरियल बहुधा मोटारीबरोबरच येते. माझा रोख आहे तो परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळविलेल्या हौशी बिनतारी चालकांकडे. ही हौस निरुद्योगी नव्हे. २००१ सालीं भूजच्या भूकंपानंतर अशाच हौशी चालकांनीं निरोपांची नेआण केली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका अहोरात्रांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हां मुंबईंत कित्येकांचे फोन मुके झाले होते. एरियलची खरी परीक्षा अशाच दिवशीं होते; आणि त्या दिवशीं ती घरच्या कपाटांत पडलेली असेल, तर तिच्या उत्तमपणाचा उपयोग काय? हें सूत्र मनांत धरून पुढचा विचार करूं.

प्रथम थोडें गणित. आपल्या देशांत हौशी चालकांना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा दिलेला आहे. बिनतारी लहर सेकंदाला सुमारें ३० कोटी मीटर धांवते. या वेगास १४५ मेगाहर्ट्झच्या कंपनसंख्येनें भागिलें असतां लहरीची लांबी दोन मीटरांहून किंचित् अधिक निघते. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे सुमारें अर्ध्या मीटरची उभी सळई एरियल म्हणून उत्तम काम देते. पुरी लांबी न लागतां चतुर्थांशच कां पुरतो? कारण खालचा लोखंडी पत्रा आरशासारखें काम करून सळईची उणीव भरून काढतो. म्हणूनच छपराचा मध्य ही सर्वांत चांगली जागा होय. तेथें चारी बाजूंस पत्रा सारखा पसरलेला असतो. सळई कडेला नेली कीं एका दिशेस आवाज बळकट व दुसरीस दुबळा होतो.

बाजारांत याहून लांब, लहरीच्या पांच अष्टमांशाची एरियलही मिळते. कागदावर ती क्षितिजाकडे जवळजवळ दुप्पट शक्ति पाठविते. परंतु तिची उंची सुमारें सव्वा मीटर! ठेंगण्या तळघरांत तिचा विचारच नको.

आतां मोजमाप करूं. समजा, मोटारीची उंची दीड मीटर आहे आणि तळघराच्या तोंडाशीं २.१० मीटर असा फलक आहे. मध्यें ६० सेंटिमीटर उरले. सळई ५० व तिची बैठक ४, मिळून ५४. वरवर पाहतां काम झालें. पण थांबा! उताराचें प्रमाण आठास एक असेल आणि पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असेल, तर उतार संपतो तेथें पुढचीं चाकें सपाटीवर व मागचीं उतारावर राहून मोटारीचा मध्यभाग सुमारें ८ सेंटिमीटर वर उचलला जातो. छत तेथें सपाट झालेलें असेल, तर ५४ चे ६२ झाले आणि सळई आपटली! शिवाय माणसें उतरलीं कीं स्प्रिंगा हलक्या होऊन मोटार आणखी थोडी वर येते. म्हणून उंची मोजावी ती रिकाम्या मोटारीची.

कोणी म्हणेल, सळई लवचीक आहे, घासेना कां! परंतु छताखालीं आग विझविण्याच्या पाण्याचे नळ व त्यांच्या नाजूक तोट्या असतात. एखादी तोटी तुटली तर साऱ्या तळघरांत पाणी होईल. शिवाय चुंबकाची बैठक प्रत्येक धक्क्यानें पत्र्यावर सरकते आणि खालचा धुळीचा कण रंगावर ओरखडा काढतो. हें धाडस नकोच.

मग मार्ग तीन उरतात. पहिला, बिजागरीची बैठक. तळघरांत शिरतांना सळई आडवी करावयाची. साधन चांगलें, पण रोज दोनदां उतरून हा उपचार किती दिवस चालेल, याचा विचार ज्यानें त्यानें करावा. दुसरा, चुंबकाची एरियल काढून डिकींत ठेवणें. कांचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या छपरावर चुंबक मुळींच धरत नाहीं. शिवाय जी रोज काढावी लागते ती एक दिवस घरींच राहते. आणि एरियल जोडल्यावांचून यंत्रावरून बोलूं गेल्यास यंत्रास इजा होऊं शकते, हेंही ध्यानांत ठेवावें. तिसरा मार्ग, तारेचें वेटोळें घालून आंखूड केलेली सुमारें ३५ सेंटिमीटरची एरियल. वरच्या उदाहरणांत ३५, बैठकीचे ४ व उताराचे ८ मिळून ४७ होतात. १३ सेंटिमीटर शिल्लक. आंखूडपणाची किंमत मात्र द्यावी लागते. तिची शक्ति थोडी कमी, आणि ती पट्ट्याच्या लहानशा भागावरच नीट जुळते. म्हणून नेहमींच्या कंपनसंख्येवर ती मापकानें जुळवून घ्यावी.

माझा सल्ला असा. छपराच्या मध्यावर एकच पक्की बैठक बसवावी. तिच्यावर आंखूड एरियल बारा महिने राहूं द्यावी, आणि त्याच आट्यांवर बसणारी अर्ध्या मीटरची सळई डिकींत ठेवावी. ही दुसरी सळईही एकदां मापकानें जुळवून ठेवावी, म्हणजे आयत्या वेळीं खोळंबा होत नाहीं. दूरचें बोलणें असेल, किंवा संकटाचा दिवस उगवेल, तेव्हां मोकळ्या आकाशाखालीं मोठी सळई फिरवून बसविण्यास एक मिनिट पुरे. खरेदीपूर्वीं मात्र एक स्वस्त प्रयोग करावा. खराट्याचा एक हीर योजलेल्या उंचीइतका कापून चिकटपट्टीनें छपराच्या मध्यावर उभा करावा, आणि एका माणसास बाजूला उभें करून मोटार अगदीं सावकाश तळघरांत न्यावी. हीर कोठें टेकतो तें फलकापेक्षां अधिक खरें सांगतो.

कागदावर श्रेष्ठ ठरणारी एरियल आणि गरजेच्या घटकेस छपरावर असणारी एरियल यांत निवड करावयाची झाल्यास दुसरीच घ्यावी.