घामाचे थेंब आणि आपलं हसू

जयपूरहून बोलतोय. निवृत्त फौजी म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, आता हा पहाटे पाचला उठण्याचे फायदे सांगणार. नाही सांगत. आज बोलायचंय ते व्यायामावरच्या व्यंगचित्रांबद्दल.

गेल्या हिवाळ्यात मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्यंगचित्र पाठवलं. एक जाड बाई बागेत चालतेय आणि तिची वाट थेट कचोरीच्या कढईपाशी संपतेय. जयपूर म्हणजे प्याज कचोरीचं गाव. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी माझी पत्नी फिरायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिला मधुमेह आहे, डॉक्टरांनी रोज ४० मिनिटं चालायला सांगितलंय. चौथ्या दिवशी विचारलं, तेव्हा म्हणाली, "सोसायटीतल्या निम्म्या बायका सेंट्रल पार्कात असतात. त्या हसतात की नाही, माहीत नाही. पण तुम्ही हसलात, एवढं माहीत आहे."

मला उत्तर देता आलं नाही.

तसा हा विनोद जुनाच. चित्रकथांमध्ये काही माणसं ठरलेली असतात. प्राण यांनी १९७१ मध्ये 'लोटपोट' या हिंदी नियतकालिकात चाचा चौधरी आणले. रेल्वेच्या प्रवासात मी ते पुष्कळ वाचले, आजही आवडतात. पण आठवून बघा. चाचा किडकिडीत आणि हुशार. बिनी चाची लठ्ठ, हातात लाटणं. बिल्लूच्या गोष्टींतला बजरंगी पहिलवान अंगाने दांडगा, डोक्याने बेताचा. चेहरा दिसण्याआधीच शरीर बघून स्वभाव कळतो. चित्रकाराला चार चौकटींत गोष्ट संपवायची असते, त्याची सोय होते. आपल्याला मात्र तशीच सवय लागते.

आमच्या मेसमध्ये लाडका होता बीटल बेली. अमेरिकेच्या मॉर्ट वॉकर यांनी १९५० मध्ये सुरू केलेली ही चित्रपट्टी. आळशी शिपाई बीटल, टोपी डोळ्यांवर ओढलेली. त्याच्यावर खेकसणारा ढेरपोट्या सार्जंट स्नॉर्केल. प्रत्येक प्लाटूनमध्ये एक बीटल असतोच, रनिंगच्या दिवशी बरोब्बर पोट दुखणारा. चित्रांत डोक्याभोवती उडणाऱ्या घामाच्या थेंबांना वॉकर यांनी गमतीने 'प्ल्यूड्स' असं नावही दिलं होतं.

याच पट्टीतला जनरल आपल्या सेक्रेटरीकडे, मिस बक्सलीकडे, सदा टक लावून बघायचा. वाचक बायकांनी वर्षानुवर्षं नापसंती कळवली. अखेर १९९७ मध्ये वॉकर यांनी पट्टीतच त्या जनरलला स्त्रियांशी नीट वागण्याच्या प्रशिक्षणाला धाडलं. तेव्हा ते स्वतः सत्तरी ओलांडलेले होते. पट्टी पुढेही चालू राहिली, लोक हसत राहिले.

मग मी माझं ते चित्र पुन्हा काढून पाहिलं. बीटलवर आपण हसतो, कारण तो व्यायाम टाळतो. गजर बंद करून पुन्हा झोपणारा, ट्रेडमिलवर कपडे वाळत घालणारा, नवे बूट दोन दिवस घालून कपाटात ठेवणारा, हे सगळे आपणच आहोत. हसताना आपण स्वतःलाच पकडतो. पण कचोरीवाल्या चित्रातली ती बाई? मंडळी, ती तर चालत होती! घाम तिचाच गळत होता. घरी लोळत पडलेला माणूस त्या चित्रात कुठेच नव्हता. तो बाहेर बसून फॉरवर्ड करत होता.

त्याच दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, "ते चित्र मी पाठवायला नको होतं. चुकलं. उद्या साडेसहाला ज्यांना चालायचंय, त्यांनी गेटवर भेटावं." पत्नीने ते वाचलं आणि विचारलं, "ही ऑर्डर की विनंती?"

म्हटलं, "विनंती."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. सोमवारी आली. आता रोज येते. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे ती पुढे आणि मी मागे, लंगडत. व्यंगचित्र काढायचंच असेल कुणाला, तर हे काढा. माझी परवानगी आहे. जय हिंद.