आपटे, अलका आणि आपण

(मंडळाच्या कोजागरीच्या कार्यक्रमात वादी अदाई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कोजागरीला दूध आटेपर्यंत कुणीतरी बोलत राहायचं असतं, आणि यंदा ती पाळी माझ्यावर आली आहे. गाणं मला येत नाही, नकला येत नाहीत. कार्यकारिणीने सांगितलं, "त्या दिवशी सिनेमानंतर जे भांडण झालं ना, त्याच्यावरच बोला." म्हणून बोलतो. ज्यांची मतं मी इथे चव्हाट्यावर मांडणार आहे ते सगळे समोरच बसले आहेत, त्यामुळे नावं घेत नाही. ज्याने त्याने आपलं मत ओळखून घ्यावं.

दोन महिन्यांपूर्वी आपण पंधरा-वीस जणांनी इथेच वादी अदाईत, आमच्या घरी, 'डोंबिवली फास्ट' पुन्हा पाहिला. पुन्हा म्हणजे काय, तर पहिल्यांदा तो आपण २००६ साली पाहिला होता. मुंबईहून कुणीतरी डीव्हीडी आणली होती आणि ती आठ घरं फिरून शेवटी चरे पडून परत गेली. तेव्हा सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची, म्हणजे बुधवारची रात्र ही आपली शनिवारची रात्र. २०१३ च्या मेपासून ती शुक्रवार-शनिवार झाली आणि माझ्यासारख्याचं गणित आजतागायत चुकतंय. तर अशाच एका बुधवारी जमिनीवर सतरंजी टाकून, मुलांना आतल्या खोलीत कोंबून आपण तो सिनेमा पाहिला. आज ती मुलं पुणे, टोरांटो, बंगळूर अशी पांगली आहेत. आपण मात्र त्याच खोलीत. सतरंजीऐवजी खुर्च्या आल्या, कारण खाली बसलं की उठताना कुणाचा तरी हात लागतो!

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निशिकांत कामत यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट, २००५ चा. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पुढे त्यांनीच तो तमिळमध्ये माधवनला घेऊन केला. माधव आपटे हा बँकेतला कारकून, डोंबिवलीला राहणारा. बायको अलका, दोन मुलं. संदीप कुलकर्णीने आपटे केला आहे, 'श्वास'मधले डॉक्टर तेच. सुरुवातीलाच त्याचा दिवस दाखवतात. उठणं, लोकल, बँक, लोकल, घर. आणि मग तोच दिवस पुन्हा, आणि पुन्हा. हा माणूस नियमाने वागणारा. आजूबाजूचं कुणीच नियमाने वागत नाही याचा त्याला होणारा त्रास साठत जातो आणि एक दिवस बांध फुटतो. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणारा दुकानदार एवढंच निमित्त. मग हातात क्रिकेटची बॅट येते आणि आपटे शहरभर सुटतो. शेवट सांगत नाही.

(आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी २००६ साली विचारलं होतं, "माधव आपटे म्हणजे वेस्ट इंडिजमध्ये शतक ठोकणारे आपटे का?" तो १९५३ चा दौरा त्यांना तोंडपाठ. बॅट पाहून त्यांची जवळजवळ खात्रीच पटली होती.)

तर २००६ ची मतं काय होती? मला नीट आठवतात, कारण रात्री दोन वाजेपर्यंत तीच चालली होती. आपण पुरुष मंडळी बेहद्द खूश. बॅट चालली की शिट्ट्या. एक जण म्हणाला, "असा एक आपटे प्रत्येक वॉर्डात पाहिजे." दुसऱ्याने लगेच कायद्याची बाजू घेतली. असं प्रत्येकाने केलं तर अराजक माजेल, वगैरे. तिसऱ्याने सांगितलं की हा हॉलिवूडच्या 'फॉलिंग डाउन'वरून घेतलाय, त्यात मायकेल डग्लस आहे, म्हणजे याचं कौतुक नको. मग मूळ की नक्कल यावर अर्धा तास. एकूण सूर असा, की हा भ्रष्टाचारावरचा सिनेमा आहे. आपण देश सोडून आलो ते किती बरं केलं, हे त्या सुरात न बोलता मिसळलेलं होतं. इथे रांग असते, रस्ते स्वच्छ, कुणी चिरीमिरी मागत नाही, असं एकमेकांना सांगत आपण चिवडा संपवला.

आणि अलका? शिल्पा तुळसकरने केलेली त्याची बायको. तिच्याबद्दल त्या रात्री एकच वाक्य बोललं गेलं, तेही मीच बोललो होतो. "बायको अशी किटकिट करणारी असेल तर माणूस वेडा होणारच." सगळे हसले. बायकाही हसल्या, असं मला वाटलं होतं.

यंदाच्या बैठकीत मात्र शिट्टी वाजली नाही. बॅट पहिल्यांदा चालली तेव्हा कुणीतरी सवयीने "वा!" म्हणालं आणि पुढे काहीच नाही. दिवे लावले तरी दोन मिनिटं कुणी बोलेना. पहिलं वाक्य आलं ते नेहमी गप्प बसणाऱ्या एका गृहस्थांकडून. ते म्हणाले, "मारामारीचं जाऊ द्या. ती सुरुवात बघवत नाही."

मग कळलं, की यंदा बहुतेकांना तीच लागली होती. २००६ साली आपण ती दहा मिनिटं मनातल्या मनात पुढे ढकलली होती, गोष्ट कधी सुरू होते याची वाट बघत. आपण तेव्हा तिशी-पस्तिशीत. आता पन्नाशी ओलांडल्यावर कळतंय, की गोष्ट तिथेच आहे. दुकानदार, पोलीस, शाळेची देणगी ही सगळी निमित्तं. मूळ दुखणं म्हणजे माणूस मधल्या वयात येऊन थांबतो आणि विचारतो, की हे असंच चालू राहणार का? याला इंग्रजीत 'मिडलाइफ क्रायसिस' म्हणतात. एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ साली ही संज्ञा रूढ केली आणि त्याच्या निबंधाच्या शीर्षकातच मृत्यू हा शब्द होता. आपल्याकडे 'चाळिशी' म्हटलं की चष्मा आठवतो. जवळचं दिसेनासं होतं म्हणून लावायचा चष्मा! मला हा शब्द जास्त शहाणा वाटतो.

आश्चर्य एका गोष्टीचं वाटलं. हा सिनेमा केला तेव्हा कामत स्वतः पस्तिशीचे. २०२० च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा अवघे पन्नास वर्षांचे होते. आपल्यापेक्षा लहान वयात त्या माणसाला हे दिसलं होतं.

सगळ्यांचं एकमत झालं असं मात्र समजू नका. एका मित्राचं म्हणणं अजूनही तेच, की हा नागरिकाचा संताप आहे, त्याला वयाचा आजार म्हणाल तर तुम्ही व्यवस्थेला मोकळं सोडता. मुद्दा खोटा नाही. पण मग मी विचारलं, की हाच आपटे पंचवीस वर्षांचा असता तर? त्याने मोर्चा काढला असता, चार दोस्त जमवले असते. हा एकटाच बॅट घेऊन निघतो. त्याला कुणीतरी सोबत असावं असं सुचतसुद्धा नाही. मित्राने उत्तर दिलं नाही, पण पटलेलंही नाही. ते आज रात्री पुन्हा सुरू होईल.

आता आखाताबद्दल. आपल्याला वाटतं आपण लोकलमधून सुटलो. खरं आहे, इथे चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून कुणी जात नाही. थंड गाडीत एकटे बसून अमरातच्या डोंगरातल्या रस्त्याने जातो. पण दिवस तोच असतो हो! वर दोन-दोन वर्षांचा व्हिसा. आपण आयुष्य दोन वर्षांच्या तुकड्यांत मोजायला शिकलो. "अजून एक नूतनीकरण, मग परत जायचं," हे वाक्य मी २००४ पासून बोलतोय. पेन्शन नाही. कितीही वर्षं राहिलो तरी इथले होणार नाही आणि तिथले किती उरलो तेही माहीत नाही. ओमानीकरण आपल्याला समजतं, त्यांच्या मुलांना नोकऱ्या मिळायलाच हव्यात. तरी २०१८ च्या जानेवारीत ८७ प्रकारच्या कामांचे नवे व्हिसा थांबले तेव्हा आपण ती यादी कशी वाचली होती ते आठवा. बारावीच्या निकालासारखी! आपटेला रोज संध्याकाळी परतीची गाडी तरी होती.

त्याच वर्षी माझ्या कंपनीत, नाव घेत नाही, माझी जागा पुढच्या करारात राहणार नाही अशी कुणकुण लागली. मी घरी सांगितलं नाही. ठाण्याच्या घराचे हप्ते चालू होते, मुलगी बारावीला. सांगून काय उपयोग, असं वाटलं. संध्याकाळी सातला मी इमारतीखाली गाडी लावायचो आणि बसून राहायचो. रेडिओ नाही, फोन नाही. समोर तो उघडा तपकिरी डोंगर काळा होत जायचा. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियाचा पोरगा एकदा आपणहून करक चहा घेऊन आला, त्याला वाटलं मी हॉर्न वाजवायला विसरलोय. वीस-पंचवीस मिनिटांनी चेहरा नीट करून वर जायचो. असं चार महिने चाललं. जागा शेवटी राहिली, पगार थोडा कमी झाला. मी कुणाला काही बोललो नाही, आणि मोठा शहाणपणा केला असं समजत राहिलो.

यंदा सिनेमानंतर पुरुषांची चर्चा चालू असताना एक वहिनी मध्येच म्हणाल्या, "मला एक सांगा, त्याच्या मनात एवढं साठलं होतं ते अलकाला कुणी सांगितलं होतं का? ती किटकिट करते ती मुलांच्या प्रवेशाची, पैशांची. तिला दुसरं काय माहीत आहे? घरात आलेला माणूस तिला भिंतीसारखा दिसतो. भिंतीला हाक मारून मारून आवाज चढतोच." मग दुसऱ्या एकीने मला माझं २००६ चं वाक्य ऐकवलं. शब्दशः! इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

मी हसण्यावारी नेणार, तेवढ्यात आमची ही म्हणाली, "मी गॅलरीतून बघायचे." कोणत्याही प्रस्तावनेशिवाय, सगळ्यांसमोर. "सातला गाडी यायची. मी कुकर बंद करून गॅलरीत जायचे. गाडीचे दिवे विझायचे आणि दार उघडायचं नाही. आधी वाटलं फोनवर कुणीतरी आहे. मग वाटलं तब्येतीचं काही लपवतायत. पंचवीस मिनिटं. मग मी आत येऊन गॅस लावायचे, म्हणजे भाजी नुकतीच गरम होतेय असं वाटावं." खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. "का नाही विचारलंस?" मी म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही वर येताना चेहरा इतका नीट करून यायचात, की तो मोडायचा धीर झाला नाही."

मला त्या क्षणी अलका पहिल्यांदा दिसली.

त्यानंतर जे घडलं ते मला सिनेमापेक्षा मोठं वाटतं. एकामागून एक बोलायला लागले. कुणी मस्कतच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचा, कुणी ऑफिसात उगाच उशिरापर्यंत. एका बहिणींनी सांगितलं, मुलगा इंजिनिअरिंगला भारतात गेल्यावर त्या सहा महिने रोज त्याच्या खोलीतली चादर बदलत होत्या. ती चादर मळतच नव्हती. याला काय म्हणायचं? पुरुषाचं वादळ बॅट घेऊन निघतं म्हणून त्याचा सिनेमा होतो.

बायकांचाही झाला म्हणा, पण बऱ्याच वर्षांनी. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला आला. आपल्यातल्या निम्म्या तेव्हा उन्हाळी सुट्टीला ठाण्या-पुण्यात होत्या. नऊवारी नेसून, गॉगल लावून, घोळक्याने थिएटरात गेलेल्या बायकांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले, त्यांतले तीन तर आपल्याच मंडळातले. आपल्याला ते हास्यास्पद वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? मंगळागौरीच्या स्पर्धेत काय एवढं, असं मीच म्हणालो होतो. (माझी अशी वाक्यं जपून ठेवणाऱ्या बऱ्याच जणी आहेत असं दिसतं.) सिनेमा म्हणून मला तो आजही थोडा सजवलेला वाटतो, गाठी फार पटापट सुटतात. पण त्या सहा बहिणींमध्ये रजोनिवृत्ती आहे, मोडकळीला आलेला संसार आहे, वर्षानुवर्षांचा अबोला आहे, आणि हे सगळं घेऊन त्या एकमेकींच्या अंगणात येतात. आपटेकडे हे अंगणच नाही. थिएटरात घोळक्याने जाणाऱ्या बायका सिनेमा बघायला कमी आणि एकमेकींना बघायला जास्त गेल्या होत्या, असं आता वाटतं.

जुन्या लोकांनी पन्नाशीनंतर वनात जायची सोय ठेवली होती. आपण आधीच वाळवंटात येऊन बसलोय, तेव्हा ती वाट बंद. म्हणून त्या रात्री जाता जाता ठरलं, की महिन्यातून एका शुक्रवारी असाच एक सिनेमा पाहायचा आणि चहा होईपर्यंत कुणी उठायचं नाही. पुढचा सिनेमा बायका निवडणार आहेत, नाव अजून सांगितलेलं नाही.

आणि हो, गाडी मी अजूनही सातलाच लावतो. वरून गॅलरीतला दिवा दोनदा उघडझाप होतो, म्हणजे 'या' किंवा 'मी येते खाली' यांपैकी काहीतरी. मागच्या मंगळवारी ती खाली आली. दोन करक मागवले. पोराने या वेळी हॉर्नची वाट बघितली.

दूध आटलंय असं आतून खुणावत आहेत. थांबतो.