थांबायला शिकलेलं यंत्र
(देवळाली प्रवरा येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



विहिरीवरच्या मोटरीला आपण ऑटो स्विच बसवला. लाईट रात्री एकला येवो की तीनला, मोटर आपोआप सुरू होते. झोप वाचली, अंधारात साप-किरडाची भीती गेली. पण उसाला पाणी पुरलं की बंद हो, हे त्या डबीला कोणी शिकवलं नाही. सरी फुटते, पाणी बांधावरून पलीकडे जातं. वर्षानुवर्षं असंच चाललं, की कॅनॉलच्या पट्ट्यातली चांगली काळी जमीन चोपण होते.

याउलट, जपानमध्ये साकिची टोयोडांनी 1924 साली एक स्वयंचलित माग तयार केला. त्यात धागा तुटला की माग स्वतःच थांबायचा. त्यामुळे प्रत्येक मागापाशी माणूस राखणीला ठेवायची गरज उरली नाही; एकच कामगार तीस-तीस माग सांभाळू लागला. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी त्या मागाचे हक्क विकत घेतले. हाच विचार पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात आला. त्या विचाराचं नाव 'जिदोका'. जपानी लिपीत हा शब्द लिहिताना 'चलन' दाखवणाऱ्या अक्षराला त्यांनी माणसाची खूण जोडली. मला ती खूण फार मोलाची वाटते. तिथलेच ताईची ओनो यांनी वाया जाणाऱ्या गोष्टी मोजल्या: ताटकळणं, गरजेपेक्षा जास्त माल करणं, उगाच वाहतूक, उगाच साठा, सदोष नग. ही नासाडी काढून टाकणं म्हणजे 'लीन'. आपल्या किर्लोस्करांनी 1997 साली टोयोटाशी भागीदारी केली आणि बंगळूरजवळ बिडदीला मोटारींचा कारखाना उभा राहिला, तेव्हा ही पद्धत आपल्याकडेही जवळून पाहायला मिळू लागली.

मी एके काळी ज्या कारखान्यात होतो, तिथं लेथवर रोबोट बसवला. नग दुप्पट वेगानं निघू लागले. पुढचं ग्राइंडिंग मशिन मात्र जुन्याच चालीचं. मधे क्रेटवर क्रेट चढले. एका रात्री टूलची टिप झिजली, रोबोट चालतच राहिला. सकाळी पहिल्या क्रेटमधला नग उचलून गेज लावला, आत जाईना. दुसरा लावला, तोही नाही. रात्रपाळीचा सगळा माल भंगारात गेला. मग आम्ही उलट बाजूनं सुरुवात केली. ग्राइंडर लेथच्या शेजारी आणला, मधे पाचच नगांची जागा ठेवली. त्यानंतर मापाचा प्रोब बसवला. माप सुटलं की मशिन थांबतं, वर लाल दिवा लागतो. हाच क्रम आधी पाळला असता, तर रात्रपाळीच्या पोरांची एक रात्र वाया गेली नसती.

आता आपल्या साखर कारखान्यांकडे येतो. 1950 साली शेजारी प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं, तेव्हापासून तोडीची चिठ्ठी आपल्या घराघरांत माहीत आहे. टोयोटा जिला 'कानबान' म्हणते, ती अशीच चिठ्ठी: पुढच्याला लागेल तेवढंच मागच्यानं पाठवायचं. गव्हाणीला जितका ऊस लागतो, तितकीच तोड त्या दिवशी निघायला हवी. पण एका दिवशी 'नो केन' म्हणून मिल उभी राहते, आणि दुसऱ्या दिवशी यार्डात गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला तर बरा; पुढं वजनही घटतं, उताराही. हार्वेस्टरच्या उसाचे तुकडे असतात, कापलेली तोंडं जास्त, म्हणून तो आणखी लवकर खराब होतो. म्हणजे शेतात यंत्र आलं आणि यार्डातली रांग तशीच राहिली, तर नुकसान वाढतंच. आणि त्या रांगेत गाडीखाली पटकूर टाकून पडलेल्या गाडीवानाला पैसे टनावर मिळतात. ताटकळण्याचे त्याला कोण देतं?

म्हणून नवी मिल किंवा संगणक आणण्याआधी एवढं करा. येत्या हंगामात चिठ्ठीच्या पाठीवर तीन वेळांची नोंद करा: फडाला कोयता कधी लागला, गाडी काट्यावर कधी आली, मोळी गव्हाणीत कधी पडली. चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयकडे पेन असतोच. महिनाभराच्या चिठ्ठ्या साठल्या की मला निरोप द्या, मी येतो. यार्डाच्या कडेला बसून आपण त्या लावू, आणि गाडीवानांनाही शेजारी बसवून घेऊ. रांग कुठं अडते ते त्यांना आपल्याआधी ठाऊक असतं.